चव्वेचाळीस

डेल पुरिंग्टनने काउंटरवर हिरवं फेल्ट अंथरलं
आणि चार हत्यारं मांडली,
सोनार मांडतो तशी, एकेक, तोंडं भिंतीकडे करून.
बाहेर लार्चच्या सुया पिवळ्या पडायला लागल्या होत्या,
सेंट जो नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं.

कशासाठी हवंय, व्हर्ना?
म्हटलं, हरणासाठी. जवळून, देवदारांच्या दाटीत,
जिथे रायफल फांद्यांना अडते.
आणि बाकीचे दिवस नुसतं अंगावर असावं म्हणून.
म्हणजे अस्वलासाठी, तो म्हणाला.
म्हणजे अस्वलासाठी.

घरी आहे एक. एल्डनचं.
चव्वेचाळीस मॅग्नम, साडेसात इंची नळी.
एकतीस वर्षं त्याच्या छातीवरच्या पट्ट्यात होतं,
चामड्यावर घामाचे डाग, एकात एक.
बार काढला की दरी तेच वाक्य पुन्हा म्हणायची
आणि एल्डन हसायचा,
जणू त्यालाच दुजोरा मिळाला.

तो गेल्यावर मी ते उचललं.
पहिल्या बाराला नळी आभाळात.
दुसऱ्याला मी डोळे मिटले, चाप ओढण्याआधीच.
तिसरा काढलाच नाही.
उजव्या मनगटात दोन स्क्रू आहेत.
लाकूड मोजायच्या नोकरीत, त्र्याण्णव साली,
ओल्या ओंडक्यावरून घसरले होते.
थंडी यायची असली की रेडिओच्या आधी ते सांगतात.

डेल एकेकाची कुळकथा सांगू लागला.
दहा मिलिमीटरचं: आत पंधरा गोळ्या,
पण वरची सरक मागे ओढायला
माझी बोटं पुरली नाहीत, रागही पुरला नाही.
एक्केचाळीस मॅग्नम: कुणी मागत नाही,
ज्याच्याकडे आहे तो मात्र दुसऱ्याचं नाव काढू देत नाही.
पंचेचाळीस कोल्ट: लाकडी मुठीचं, देखणं,
म्हाताऱ्या घोड्यासारखं शांत. किंमतही घोड्याचीच.
आणि कडेला तीनशे सत्तावन्न, चार इंची,
जरा खरचटलेलं, कुणीतरी विकून गेलेलं.

गळांच्या मांडणीपाशी कोल्बी उभा होता, वीस-बाविशीचा.
आपणहून म्हणाला,
त्यानं अस्वल मरणार नाही बाई, नुसतं चिडेल.

मी काही बोलले नाही.
मला ती मादी आठवली, खाडीपलीकडची,
चव्वेचाळीसने पोटात लागलेली.
मोठी गोळी, वीतभर मागे.
कंदील घेऊन आम्ही रक्त शोधत राहिलो,
पानापानावर, मग दगडावर, मग कुठेच नाही.
सकाळी सापडली. कोयोटे आधी पोचले होते.
एल्डनने त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही,
आणि पुढे तिचं नावही काढलं नाही,
तीन आठवडे मागच्या कुंपणाशी
डब्यांवर नेम धरत राहिला.

दुकानामागे डेलने कागदी ताटल्या टोचल्या.
पंधरा पावलं.
एकशे ऐंशी ग्रेनचं कडक शिसं, चपट्या तोंडाचं.
झटका आला, पण परक्यासारखा नाही.
डोळे उघडे राहिले, हे मला नंतर कळलं.
पाच आत, एक कडेला.
पुन्हा सहा. पुन्हा एक कडेला, तीच कड.
डेलने ताटली काढून माझ्या हातात दिली,
शाळेतून निकाल द्यावा तशी.

पैसे देताना त्यानं विचारलं, ते मोठं विकणार का?
कोल्बी मान वळवून ऐकत होता.
म्हटलं, त्याला गिऱ्हाईक मिळेल,
मला सवड मिळाली की.

पट्टा मात्र एल्डनचाच ठेवला.
खिळ्यानं आतल्या बाजूला दोन नवी भोकं पाडली.
खोळ मोठी, हत्यार धाकटं, चालताना खडखडत होतं,
म्हणून खाली त्याचा एक लोकरी मोजा कोंबला,
टाचेशी मीच रफू केलेला.
आता हलत नाही.

उद्या पहाटे वर जाईन.
फवाऱ्याची नळकांडी कमरेला आहेच.
हकलबेरी संपल्या असतील,
अस्वलंही वरच्या उतारावर सरकली असतील,
बहुधा.