अडीच सेकंद

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी
बर्निस ह्रिंको मांस गुंडाळायचा तपकिरी कागद
हातभर फाडते, काउंटरवर पसरते,
चार कोपऱ्यांवर तराजूची चार जुनी वजनं ठेवते
आणि कानामागची निळी पेन्सिल काढते.
एक ते बत्तीस.
संघ बत्तीस, क्वार्टरबॅक बत्तीस,
हंगामाला अजून बारा दिवस.

पाण्यात म्हैस, बाहेर मोल.
अशी म्हण ओहायोत नाही. खोड आहे.

पोलादाच्या कारखान्याचा भोंगा थांबून
चाळीस वर्षं झाली,
तरी म्हातारे पहिल्या पाळीच्या वेळेलाच येतात,
यादी काचेवर चिकटायच्या आत.
सॉसेज निमित्ताला.

"रुडिसिल सातवा? बर्नी, त्याला
वर्षाला पाच कोटी डॉलर देतात!"
"मी देत नाही."
"साठ यार्ड फेकतो तो!"
"हात सगळ्यांना असतो, फेरिस. तुलाही आहे.
मी पाय बघते."

मग सुरी पुसत सांगते, दर वर्षी सांगते तेच:
चेंडू हातात आल्यापासून
एकशेतीस किलोचा माणूस छातीवर येईपर्यंत
अडीच सेकंद.
तेवढ्यात तीन पावलं मागे,
तेवढ्यात डावीकडे बघत उजवीकडचं ठरवायचं,
आणि जिथे अजून कुणी पोचलेलंच नाही
त्या रिकाम्या गवतावर चेंडू सोपवायचा.
काहींचे पाय तेव्हा बडबडायला लागतात.
लिंडक्विस्टचे गप्प असतात. म्हणून पहिला.
ओडम गेल्या साली चौथा होता, आता अकरावा,
बायको मुलांना घेऊन गेली त्याची.
"हे पण धरतेस तू?"
"धरत नाही. दिसतं."

अकराच्या सुमाराला आयलीन यारोश आली.
दुकान एकदम हवामानावर बोलायला लागलं.
तिच्या वेंडेलला या जुलैत जागा मिळालीय,
पहिल्याचा खांदा निखळला म्हणून.
लहानपणी याच काउंटरखाली बसून
तो हाडांचे संघ मांडायचा.

आयलीननं चष्मा लावला.
वरून वाचत गेली, सावकाश,
शाळेचा निकाल वाचावा तशी,
गुडघ्यांत वाकली शेवटी,
कारण कागद खाली लांब होता.

कुणी खोकलंही नाही.

"पाय?" तिनं विचारलं.
"जड आहेत," बर्निस म्हणाली.
"बापाचे तसेच होते."
"ठाऊक आहे मला. त्याच्याबरोबर नाचलेय मी,
तुझ्या आधी."
आयलीन हसली की नाही, सांगता येणार नाही,
चष्मा काढत होती ती.
"सामन्याच्या दिवशी सकाळी ओकतो अजून.
फोन करून सांगतो मला, ओकलो म्हणून.
अर्धा पाउंड हॅम दे. पातळ काप."

बर्निसनं पातळ कापलं.
तराजूचा काटा अर्ध्यापाशी थांबल्यावर
आणखी दोन काप टाकले वर,
पैसे अर्ध्याचेच घेतले.
पेन्सिलीला हात लावला नाही.

दिवसभर यादीवरून भांडणं झाली,
सतरा आणि अठरावरून तर फेरिस
टोपी विसरून निघून गेला.
बत्तीसवर कुणी काही बोललं नाही.

सहाला तिनं शटर निम्मं ओढलं.
फरशीवर भुसा, भुशावर दिवसभराच्या बुटांचे ठसे.
यादीच्या तळाशी चरबीचा डाग उमटला होता,
नाव त्यातून जास्तच ठळक दिसत होतं.

अडुसष्ट वर्षांची बाई
दोन्ही हातांत हॅमचा उरलेला गोळा धरून
भुशात उभी राहिली.
एक पाऊल मागे. दोन.
डावीकडे बघितलं, उजवीकडे
फेरिसची टोपी होती खुर्चीवर.
तिसऱ्या पावलाला घोटा करकरला
आणि ती तिथेच थांबली, गोळा छातीशी,
कुठे टाकावा ते न सुचून,
अडीच सेकंद होऊन गेले,
पाच झाले,
बाहेर कुणीतरी शटर वाजवलं.