कठडा

सोमवार-मंगळवार मी इस्त्रीच्या टेबलावर काम करते.
खरंच. त्याची उंची कमीजास्त होते,
आणि कंपनीच्या पत्रकात
नेमकं असंच टेबल घ्या म्हणून लिहिलं होतं.
भिंतीपलीकडे ओत्सो, वय सतरा,
कानांवर हेडफोन, रबरी ढोलांवर काठ्या आपटत.
त्याच्या कानात वादळ,
माझ्या कानात नुसती टकटक.

मी विम्याचे दावे तपासते.
गोठून फुटलेले पाइप, हरणाला धडकलेल्या गाड्या,
बर्फावर घसरून मोडलेली मनगटं.
लोक आपलं नुकसान किती नेटकं लिहितात!
मी ते उलगडते, घडी घालते, पुढे पाठवते.

बुधवारी बाहेर पडते.
नोव्हेंबर. तुर्कूत सकाळचे आठ म्हणजे रात्रच.
आउरा नदी काळी, तिच्यावर दिव्यांची ठिगळं,
बूट ओले, हातमोजा एकच,
दुसरा बसमध्ये राहिला, नेहमीसारखा.

ऑफिस नवं केलंय.
लोक येईनात म्हणून केलंय, हे शेंबडं पोरही सांगेल.
बर्चचं लाकूड, लोकरीचे पडदे, आवाज पिणारं छत,
एक खोली तर फक्त गप्प बसण्यासाठी.
पहिल्या दिवशी मी नाक मुरडतच गेले,
म्हटलं, पाखरांना दाणे टाकतायत.

मग जिना चढताना कठड्यावर हात ठेवला,
तो उघडा हात,
आणि दचकायची तयारी केली.
पन्नास वर्षांची सवय, इथे लोखंड चावतं.

चावलं नाही.
कठड्याला चामडं गुंडाळलंय,
हात पडतो तेवढ्याच भागाला,
टाके खालच्या बाजूला, बोटांना लागू नयेत असे.
मी तिथेच थांबले.
मागचा माणूस माफी मागून पुढे गेला.

कुणीतरी, कधीतरी,
हा जिना कागदावर काढता काढता
माझ्या हाताशी येऊन थांबलं होतं.
मला न ओळखता.
घरी मला सगळे ओळखतात आणि माझ्या हाताचा

हे वाक्य पुरं करत नाही. ओत्सो चांगला मुलगा आहे.

दर दुसऱ्या बुधवारी यार्मो येतो,
कोर्प्पोच्या बेटावरून, दोन बोटी ओलांडून.
दोन वर्षं तो मला खांद्यापर्यंतच माहीत होता.
आता कळलं, तो लंगडतो,
आणि हसताना गुडघ्यावर थाप मारतो.
पडद्यावर ती थाप कधी आलीच नव्हती.

आम्ही फार बोलत नाही.
शेजारी बसतो, त्याचे पाइप, माझी हरणं.
अर्ध्या तासाने एक जण उसासा टाकतो,
दुसरा मान वर न करता विचारतो,
‘किती?’
‘चौदा हजार.’
‘हं.’
एवढ्यासाठी दोन बोटी.

महिनाअखेरीस प्रश्नावली आली.
आपण ऑफिसात का येता?
सहकार्य, सर्जनशीलता, कॉफी, इतर.
मी ‘इतर’वर खूण करून पुढे लिहिलं: हात.
मग वाटलं, विम्याचं ऑफिस आहे,
कुणीतरी विचारेल कुठे दुखतं, कधीपासून.
खोडलं. कॉफीवर खूण केली.

गुरुवारी पुन्हा इस्त्रीचं टेबल.
ओत्सो शाळेत होता.
धुतलेले कपडे ठेवायला त्याच्या खोलीत गेले
आणि मोजा खाली पडला म्हणून वाकले.

ढोलांच्या स्टँडला चार पाय.
चारांखाली चार हातमोजे, लोकरी,
माझे, जोडीतले मागे उरलेले,
निळा, करडा, पुन्हा करडा, ठिगळवाला,
बोटं नीट आत दुमडून.

पायाने दाबायच्या पेडलखाली मात्र काही नव्हतं.
मी परत दारापर्यंत आले,
कोटाच्या खिशातून
कालचा काढला.