पाच दिवसांआड

नीलमनगर, दुपारचे साडेतीन.
मांडीवर लॅपटॉप, त्यात एक समुद्र,
सतरा विहिरी, एक प्लॅटफॉर्म, धापा टाकणारा एकच कॉम्प्रेसर
आणि तळाचा खडक, जो कुणीच पाहिलेला नाही.
म्हणून मी तो दोनशे वेळा कल्पिलाय :
कधी सच्छिद्र, कधी घट्ट, कधी मध्येच तडकलेला.
खडक दोनशे. निर्णय एकच,
सोमवारपर्यंत.

शेजारच्या कारखान्यात टॉवेलचे माग खटाखट,
भिंत हलते, स्क्रीनवरची रेषाही हलल्यासारखी वाटते.

सात नंबरच्या विहिरीला पाणी लागलंय.
तेलात आधी दहा टक्के, आता चाळीस.
अम्माला सांगितलं तर म्हणाली,
"पाणी लागलं, मग तोंड का पाडतीस?"
ती पाच दिवस घागरी मोजत होती.

दिवेलागणीला रेवणसिद्ध कोरे आला, महापालिकेचा चावीवाला,
सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून.
बोळाच्या तोंडाशी खड्ड्यात ती उतरवली,
साडेचार आटे फिरवले. थांबला. दांड्याला कान लावला.
आणि घराघरातून हाक : नीळ्ळु वच्चिनाय!
"अजून एक फिरव की," वरच्या अंगाचं कुणी ओरडलं.
"फिरवतो. मग खालच्यांना काय, हवा पाठवू?"

मी सत्तर पानांत तेवढंच तर लिहिलं होतं.
एक व्हॉल्व्ह मोकळा सोडला की दुसरीकडचा दाब पडतो,
विहीर एकटी नसतेच, नळीला नळी लागलेली,
बेरीज वाढवायची तर
कुणाला तरी थोडं आवळावं लागतं.

विचारलं, "टाकीत किती आलंय, कळतं का तुम्हाला?"
"कोण सांगतंय! वर लाईन फुटली असंल, लाईट गेली असंल.
कमीच आलंय असं धरून सोडतो.
जास्त निघालं तर येतो की परत फिरून."
सायकल पुढच्या खड्ड्याकडे गेली.

रात्री सात नंबर आवळली.
दोनशेंपैकी एकतीस खडकांत हे चूक ठरतं,
आणि खरा खडक त्या एकतीसांत नाही
असं मला कुणी लिहून देणार नाही.
अहवालाच्या शेवटी एक ओळ वाढवली :
तीन महिन्यांनी नवे आकडे घेऊन पुन्हा पाहावे.
साहेब विचारतील, हे कुठल्या पद्धतीत बसतं.

मोरीत दिवा अजून चालू.
पिंप भरलेलं, वर ताट, ताटावर वरवंटा.
नळ सुसू करून थांबला, तेव्हाच अम्मानं
पाच दिवसांपूर्वीची शेवटची घागर
तुळशीत ओतली.