सात नंबर

मुरगूडच्या गाडीतून उतरलो तेव्हा
संग्रहालयाला कुलूप होतं.
किल्ली दूध संस्थेत,
फॅटच्या मशीनमागच्या खिळ्याला.
ती घेऊन अनुसया सातपुते आल्या,
पदराला ओले हात पुसत.
"एकटंच आलाय? चला."

आत एकच खोली. टकळी, पितळी तांब्या,
तुरुंगातल्या पत्राची झेरॉक्स.
भिंतीवर ते सतरा वेळा
आणि सतराही वेळा छातीपर्यंतच.

कोपऱ्यात काचेच्या पेटीत एक जोड.
पाटी : नेत्यांच्या पवित्र पादुका.
"पादुका कसल्या," त्या म्हणाल्या,
"कापशी हाय ती.
आमच्या आजेसासऱ्यानं केल्याली."

मग उभ्या उभ्याच सांगितलं,
ते गावात लपायला आले ती रात्र,
अनवाणी, टाचेत बाभळीचा काटा.
दौलू सातपुत्यानं सुई कंदिलावर धरली,
काटा काढला,
आणि दोऱ्यानं पावलाचं माप घेतलं.
त्याच्या उंबऱ्याआत तोवर
वरच्या आळीचं कुणी बसलं नव्हतं.

"कापशी म्हंजे करकर वाजायचीच.
पर ही मुकी शिवली,
पोलिसाच्या कानावर जाऊ ने म्हणून."

जोड चौथ्या दिवशी झाला.
त्यांना तिसऱ्या दिवशी धरून नेलं.

म्हणजे या त्यांनी घातल्याच नाहीत?
"न्हाई की. तळ बघा."
मी वाकलो. काचेवर माझाच श्वास साचला.
तो विरेपर्यंत थांबलो.
तळ कोरा. एक चरा नाही,
मातीचा कण नाही.

दर दिवाळीत त्या पेटी उघडतात,
करडईचं तेल चोळतात,
चामडं तडकू नये म्हणून.
कमिटीनं हे सांगितलेलं नाही.
पाटीवर दौलूचं नाव नाही, मी म्हणालो.
त्यांनी काच पदरानं पुसली.
"टाका बघितला की वळखतंय गाव."

निघताना माझ्या पायांकडे बघितलं.
"किती नंबर?"
नऊ.
"त्यांचा सात.
एवढा दांडगा माणूस, आन् पाऊल
माझ्या धाकट्याएवढं."

खाली कॅन वाजू लागले होते.
कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून बघितलं
आणि भराभर जिना उतरल्या,
अनवाणी.