दोन बादल्या जास्त

नारीन नदीच्या वरच्या अंगाला आमची शाळा,
ऑक्टोबरात बर्फ बसतो तो एप्रिलात उठतो.
मी तिथला भट्टीवाला, कापार.
कोळसा घालायचा, राख काढायची,
कुणी विचारलं तर तापमान सांगायचं.
कुणी विचारत नाही.

भट्टीखोलीला एकच खिडकी,
आणि खिडकीसमोर, आवाराच्या पार टोकाला, संडास.
फळ्यांचे. खड्डे तीन, दार एकाला,
तेही वाऱ्याच्या मर्जीतलं.
एकशे बारा पावलं.
माझी. धडधाकट माणसाची.

आयझिरेकची किती होतील, मोजायची वेळच आली नाही,
ती कधी गेलीच नाही तिकडे.
दोन कुबड्या, बर्फावर बर्फ चढून काच झालेली वाट,
आत धरायला काही नाही,
आणि उकिडवं बसायचं तर गुडघे तिचं ऐकत नाहीत.
सहा वर्षं.
मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या हातात चहाचे पेले,
हिचा पालथा.
पाण्यावरच पाणी सोडलं होतं पोरीनं.
मला वाटायचं, एकेकाला तहान कमी असते.
उबेत बसून असं वाटून घेणं सोपं जातं.

मग एकदा दाराशी एक पुडकं दिसलं,
वर्तमानपत्रात घट्ट, दोऱ्याच्या चार गाठी.
सोडवणार, तोच भिंतीच्या कोपऱ्याआड
दोन वेण्या झटकन मागे सरल्या.
नववीतली सेझिम.
मला तीन मुली.
बायको गेल्यावर त्यांचं सगळं मी केलं,
हे एक सोडून.
हे त्यांनी कुठे निभावलं, कसं,
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पुडकं तसंच आगीत टाकलं.
पुढच्या आठवड्यात दोन. मग पाच.
मी दाराशी एक झाकणाचा डबा ठेवला
आणि सुट्टीची घंटा झाली की
राखेचं निमित्त काढून पलीकडे जाऊ लागलो.
बाकीचं भट्टीनं पोटात ठेवलं.

वसंतातल्या पालकसभेत कुंपणाच्या रंगावर वाद चालला होता.
उल्कानबाईंनी संडासाचं काढलं,
तसे सगळे पुरुष आपापल्या बुटांकडे बघू लागले.
मी उठलो.
डब्याचं बोललो नाही, ती गोष्ट माझी नव्हती.
एवढंच म्हणालो,
भट्टीमागची भिंत दिवसभर वाया तापते.
कोळशाची कोठी मी रिकामी करतो,
तिथे बांधा, आत, उबेला.

उन्हाळाभर मेदेर गवंडी खपला.
उतार बांधला, त्यावर टाचा रोवून उभा राहिला, खूश.
दुसरीतल्या एल्दियारची खुर्ची अर्ध्यावर चढली
आणि उलटी खाली आली.
मेदेरनं उताराला, सिमेंटला, माझ्या आजोबांना शिव्या दिल्या,
मग स्वतःच घण घालून फोडला
आणि पुन्हा बांधला, लांब, एक वळसा घेऊन.
आयझिरेकनं कोपरानं भिंतीवर खूण केली: कडी इथं.
सेझिम म्हणाली, आरसा हवा. खालपर्यंत.
मेदेर हसला, नटायला का गं?
"मागून बघायला," ती म्हणाली.
त्याचं हसू जिथल्या तिथे राहिलं.
आरसा त्यानं घरच्या कपाटाचा काढून आणला.

साबण पोरं पळवतात अजून.
जानेवारीत नळ गोठला,
मी किटलीभर उकळतं पाणी ओतून सोडवला.
पण त्या सोमवारी
भिंतीपलीकडून कुबड्यांचा आवाज आला,
मग दार,
मग कडी, आतून.
मी फावडं हळूच खाली ठेवलं.

यंदा रोज दोन बादल्या कोळसा जास्त लागतो.
वहीत 'कारण' असा एक रकाना आहे,
इतकी वर्षं कोराच असायचा.
मी लिहिलं:
आयझिरेक चहा पिते.