एकशे त्र्याऐंशीचं पान

रविवारी रात्री टीव्हीवर त्या कादंबरीचा पिक्चर लागणार म्हणून
दैवशाला शनिवारीच आली मानवतहून,
पिशवीत जवसाची चटणी अन् चष्मा नवा.

सेलूच्या वाचनालयात तिची एकच प्रत होती,
दाखल क्रमांक सातशे बारा.
पाठीला ख्वाजामियाँनी उर्दू पेपरची पट्टी डकवलेली,
आणि एकशे त्र्याऐंशीचं पान नव्हतं.
एकशे ब्याऐंशीवर तो दारात येतो,
चपला न काढता म्हणतो, "एक विचारू?"
एकशे पंच्याऐंशीवर ती आगगाडीत,
मांडीवर डबा, भूक नाही.

मधलं आम्ही रचलं.
मी एकोणीसची, ती वीसची,
जिनिंगमागच्या बाभळीखाली, रोज नवं.
तिच्या पानावर तो रडायचा.
माझ्या पानावर ती आधी बोलायची.
काही केलं तरी
शेवटी तिला गाडीत बसवावंच लागायचं.

पिक्चरातली नायिका पाठमोरीसुद्धा नटलेली.
घर एवढं मोठं
की हाक स्वयंपाकघरात पोचेस्तोवर दूध उतू जावं.
"आपल्या पुस्तकातलं घर बुटकं होतं," दैवशाला म्हणाली.
मी हो म्हणाले.
माझ्या पुस्तकातल्या नायिकेला
तिचंच तोंड होतं, हनुवटीवरच्या गोंदणासकट,
हे नाही म्हणाले.

साडेदहाला तो दारात आला.
यानं चपला काढल्या.
"एक विचारू?"
आम्ही दोघी बाजेच्या काठावर सरकलो,
आणि सोयाबीनचं बियाणं आलं,
जालन्याची सळई आली,
लग्नाच्या बस्त्यावर सूट आली.
परत आले तेव्हा ती गाडीत बसलेली.

दैवशाला इतकी हसली की झोपलेला नातू उठून बसला.
"ह्यांनीबी सेलूचीच प्रत वाचली का काय, माय!"

नवी आवृत्ती मिळते परभणीला, स्टेशन रोडवर.
मी दोनदा हातात घेतली आहे.
एकशे ब्याऐंशीपर्यंत चाळली,
अंगठा ठेवला,
आणि नातवासाठी चित्रकलेची वही घेऊन आले.

सकाळी पाथरीच्या गाडीत तिला बसवलं.
डबा दिला.
खिडकीतून म्हणाली,
"तुझ्या पानावर ती आधी बोलायची.
काय बोलायची गं? इसरले मी."
कंडक्टरनं घंटी मारली.

मला पाठ होतं.