न नेलेली घड्याळं

संज्योतीच्या बदलीचा कागद आला तेव्हा
मी म्हापशाच्या दुकानात
एका तपकिरी पट्ट्याच्या घड्याळावर वाकलो होतो.
नेत्रावळीच्याही वर, ती फोनवर म्हणाली. उपकेंद्र. क्वार्टर मिळते.
मी विचारलं, बस जाते?
जाते.
परत कधी येते, ते दोघांनीही विचारलं नाही.

दिवाळीनंतर निघालो.
पिकअपमध्ये फ्रिज उभा, दोरानं आवळलेला,
त्याच्या पोटात चादरी आणि साईलची वह्या-पुस्तकं.
युक्ता पुढे माझ्या मांडीवर,
माझ्या हातात बिस्किटांचा डबा:
गिऱ्हाइकांनी दुरुस्त करायला दिलेली
आणि कधीच न नेलेली एकोणतीस घड्याळं.
टाकून द्या, भाऊ म्हणाला होता.
लोकांची वस्तू कशी टाकायची?

रिवण सोडलं आणि मोबाइलचे दांडे
एक एक करून गळाले.
ड्रायव्हरनं काच खाली केली, म्हणाला,
आता गवा आला तर हॉर्न मारायचा नाही, थांबायचं.
वाट त्याची.

पहिल्या सकाळी युक्ता पायरीवर बसून राहिली.
कशाची वाट बघतेस?
पदेराची.
पदेराचा भोंगा या चढावर येत नाही हे तिला सांगायला
मला तीन दिवस लागले.
तोवर संज्योतीनं भाकरी थापली, एक जाड, एक फाटकी,
आणि साईलनं ती चहात बुडवून
उंड्याचा मान दिला.

इथे घड्याळ कुणाच्याच हातात नाही.
सोमती वेळीप माझ्याकडे टॉर्च घेऊन आली.
मग कुणी मिक्सर, कुणी रेडिओ,
कुणी कुकरची शिट्टी.
पैशांऐवजी नाचणे, भोपळा, एकदा अर्धी बाटली हुर्राक.
मी भिंग डोळ्याला लावून
कुकरची शिट्टी साफ करतो.
खालच्या बाजारात हे कुणी पाहिलं असतं तर
मी शटर ओढून घेतलं असतं.

डब्यातली घड्याळं रात्री बोलतात म्हणून
संज्योतीनं ती खिळ्यांवर टांगली.
चावी द्यायचं काम युक्ताचं.
एकोणतीस घड्याळं, एकोणतीस वेळा.
बाबा, खरं कुठलं?
सोमती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
बशीचें.

फेब्रुवारीत एका रात्री दार वाजलं.
शाणू वेळीपाच्या सुनेला कळा,
आणि १०८ खालच्या वळणावर
आडव्या पडलेल्या झाडाशी अडकलेली.
संज्योतीच्या फोनची बॅटरी संपलेली.
तिनं भिंतीवरचं हाताला लागलं ते घड्याळ मनगटाला बांधलं,
बॅग उचलली, गेली.
टॉर्चचा उजेड काजूंमधून वर चढत गेला,
मग काजूच उरले.

मुलं झोपली होती.
मी आयुष्यभर दुसऱ्यांची मिनिटं दुरुस्त केली,
त्या रात्री पहिल्यांदाच मोजली.
अठ्ठावीस घड्याळं
मला अठ्ठावीस वेगवेगळ्या गोष्टी सांगत होती.
म्हापशात असतो तर, असं म्हणायला तोंड उघडलं
आणि पुढचं वाक्यच सापडेना.

उजाडता उजाडता ती आली.
पायांना कुसळं, पदराला रक्त.
मुलगी झाली, म्हणाली. रडली लगेच.
चूल पेटव.
मग वही काढून, बसल्या बसल्या डुलकी घेत लिहिलं:
जन्मवेळ तीन वाजून दहा मिनिटं.

तिच्या मनगटावर तपकिरी पट्टा होता.
ते घड्याळ चार मिनिटं मागे पडतं.
म्हापशात किती वेळा उघडलं, कारण सापडलं नाही.
मी तिला सांगितलं नाही.
पाणी तापत ठेवलं.

त्या घड्याळाच्या पावतीवर
खोर्ल्याच्या कुणा कायतानचं नाव आहे.
उद्या तो पावती घेऊन इथवर आलाच,
तर शाणूच्या घरी नेईन त्याला आधी.
घड्याळाचं नंतर बघू.